उन्हाळी सुट्टी, मुलांचं जेवण आणि अमेरिकेतली फूड बँक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या एका प्रादेशिक फूड बँकेत आम्ही काही मराठी मंडळी स्वयंसेवक म्हणून जातो. मे उजाडला की व्हॉट्सॲपवर, मंडळाच्या कार्यक्रमात, शाळेच्या पार्किंगमध्ये तेच ते प्रश्न सुरू होतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. नियम केंद्र सरकारचे असले तरी अंमलबजावणी राज्यागणिक बदलते, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या भागातल्या फूड बँकेचा.

१. अमेरिकेत मुलं उपाशी राहतात? खरंच?

हा प्रश्न भारतातून आलेले आईवडील हमखास विचारतात. रस्त्यावर हाडं दिसणारी मुलं इथे दिसत नाहीत, हे खरं. पण यूएसडीए, म्हणजे इथल्या कृषी खात्याच्या २०२३ च्या आकडेवारीनुसार १३.५ टक्के घरांना वर्षात कधी ना कधी पुरेशा अन्नाची शाश्वती नव्हती, आणि अशा घरांत १ कोटी ३८ लाख मुलं राहत होती. ही भूक लपलेली असते. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दूध पातळ होतं, भाजी बंद होते, रात्रीच्या जेवणाला नुसतं सिरियल येतं. आई ‘मला भूक नाही’ म्हणते. यातल्या बऱ्याच घरांत मोठी माणसं आपलं ताट आधी कमी करतात आणि मुलांपर्यंत झळ पोहोचू देत नाहीत. तेही जमेनासं झालं की मुलाच्या ताटाला हात लागतो.

२. मग एवढी धावपळ उन्हाळ्यातच का? भूक तर बारा महिने असते.

कारण वर्षाचे नऊ-दहा महिने हे काम शाळा करते. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी १९४६ मध्ये शालेय जेवणाच्या कायद्यावर सही केली. आज शाळेच्या दिवशी जवळजवळ ३ कोटी मुलं शाळेत दुपारचं जेवतात, आणि त्यातल्या बहुतेकांना ते फुकट किंवा सवलतीत मिळतं. अनेकांची न्याहारीही तिथेच होते. म्हणजे आठवड्याला दहा वेळचं खाणं. जूनमध्ये शाळेला कुलूप लागलं की हे दहाच्या दहा घास घरच्या खर्चात येऊन पडतात. दोन मुलं असतील तर वीस. त्याच सुमाराला मुलांना दिवसभर कुठे ठेवायचं याचाही खर्च सुरू होतो.

पण माझ्या मते खरी अडचण अन्नाची नाहीच. गोदामात अन्न आणता येतं. शाळा मुलांना रोज ठरल्या वेळी एका छपराखाली आणते, बससुद्धा पाठवते. उन्हाळ्यात हीच सोय नाहीशी होते. मूल घरी, आईवडील कामावर, आणि जेवणाचं केंद्र तीन मैलांवर. उन्हाळी जेवणाचा कार्यक्रम १९६८ पासून कुठल्या ना कुठल्या रूपात चालू आहे, तरी शाळेत सवलतीचं जेवण घेणाऱ्या सहा-सात मुलांमागे जेमतेम एक मूल उन्हाळ्यात दुपारच्या जेवणाला केंद्रावर पोहोचतं. फूड बँकेची उन्हाळ्यातली सगळी खटपट उरलेल्या मुलांना गाठण्यासाठी असते.

३. फूड बँक आणि फूड पॅन्ट्री एकच ना?

नाही. फूड बँक म्हणजे मोठं गोदाम. शीतगृह, ट्रक, फोर्कलिफ्ट, हिशेब ठेवणारी माणसं. पॅन्ट्री म्हणजे चर्च, शाळा किंवा सामाजिक केंद्रातली ती खोली, जिथून माणूस पिशवी घेऊन जातो. फूड बँक अनेक काउंट्यांतल्या अशा शेकडो ठिकाणांना माल पुरवते. जगातली पहिली फूड बँक १९६७ मध्ये ॲरिझोनातल्या फीनिक्समध्ये जॉन व्हॅन हेन्गेल यांनी सेंट मेरीज या नावानं सुरू केली. आज ‘फीडिंग अमेरिका’ या जाळ्यात सुमारे २०० प्रादेशिक फूड बँका आहेत.

४. उन्हाळ्यात फूड बँक नेमकं करते काय?

सगळ्यात दिसणारं काम म्हणजे जेवणाची केंद्रं (प्रश्न ५ ते १०). काही फूड बँका ती स्वतः चालवतात, काही फक्त स्वयंपाकघर चालवून डबे पुरवतात, काही नुसती फळं आणि दूध वर देतात. दुसरं काम फिरत्या पॅन्ट्रीचं : ट्रक ठरल्या दिवशी अपार्टमेंटच्या आवारात किंवा ट्रेलर पार्कमध्ये जाऊन उभा राहतो. तिसरं म्हणजे लोकांना सरकारी योजनांचे अर्ज भरायला मदत (प्रश्न ११). हे काम दिसत नाही, पण एका अर्जानं जितकं अन्न घरात येतं तितकं आमच्या पेट्यांनी येत नाही.

शिवाय पिशव्या. शाळा सुरू असताना शुक्रवारी मुलांच्या दप्तरात शनिवार-रविवारचं खाणं घालून द्यायची पद्धत आहे. उन्हाळ्यात दप्तरच नसतं, म्हणून त्या लायब्ररीतून, उन्हाळी शिबिरांतून वाटतात. पिशवी भरताना एक नियम कसोशीनं पाळतो : आठ वर्षांच्या मुलाला एकट्यानं उघडता आणि खाता आलं पाहिजे. म्हणून डबा घ्यायचा तो वरची कडी ओढून उघडणारा. डबा फोडायचं यंत्र घरात असेलच असं नाही. न शिजवता खाता येईल असं. काचेची बरणी नको. आणि उन्हाळा आहे, तेव्हा चॉकलेट लावलेलं काही नको.

५. जेवणाच्या केंद्रावर कोण जाऊ शकतं? काय कागद लागतात?

१८ वर्षांपर्यंतचं कुठलंही मूल. ‘खुलं’ केंद्र असेल तर कागद लागत नाही, नोंदणी नाही, उत्पन्न विचारत नाहीत. मूल आलं, रांगेत उभं राहिलं, जेवलं, गेलं. शाळेच्या विशेष कार्यक्रमात असलेल्या दिव्यांग मुलांना १८ नंतरही मिळतं.

साधारणपणे ज्या भागातली निम्मी किंवा त्याहून जास्त मुलं सवलतीच्या शालेय जेवणाला पात्र आहेत, तिथे खुलं केंद्र काढता येतं. म्हणजे पात्रता परिसराची मोजली जाते, एकेका मुलाची नाही. याखेरीज काही केंद्रं फक्त नाव नोंदवलेल्या मुलांसाठी असतात, उदाहरणार्थ एखादं शिबिर. जाण्याआधी तेवढं विचारून घ्या. जवळचं केंद्र शोधायला २११ या मदत क्रमांकावर फोन करा किंवा यूएसडीएच्या संकेतस्थळावरचा नकाशा पाहा. वेळा काटेकोर असतात; साडेअकरा ते साडेबारा म्हणजे पाऊणला डबा मिळत नाही.

६. आमचं बरं चाललंय. लायब्ररीत गोष्टींच्या तासानंतर सगळ्या मुलांना डबे दिले, आमच्या मुलीनंही खाल्लं. आम्ही कुणाचा घास घेतला का?

नाही. हा प्रश्न इतक्यांदा आणि इतक्या संकोचानं येतो की जरा सविस्तर सांगतो.

केंद्राला सरकारकडून पैसे मिळतात ते वाढलेल्या डब्यामागे. न वाढलेल्या डब्याचे मिळत नाहीत. त्यामुळे कमी मुलं येणारं केंद्र तोट्यात जातं आणि पुढच्या वर्षी बंद होतं. तुमच्या मुलीनं खाल्लेला डबा ते केंद्र चालू ठेवायला मदतच करतो. दुसरं, डबा फक्त ‘गरिबांची’ मुलं घेतात असं एकदा चित्र झालं की बारा-तेरा वर्षांची मुलं तिकडे फिरकत नाहीत. त्या वयात भुकेपेक्षा लाज मोठी असते. सगळीच मुलं खात असतील तर कोण कशासाठी खातंय हे कुणाला कळत नाही, आणि कळूही नये.

एवढंच सांभाळा : पंधरा मुलांचा गट घेऊन अचानक जाऊ नका. डबे आदल्या दिवसांच्या संख्येवरून मागवलेले असतात. आधी फोन केलात तर केंद्र खूशच होईल.

७. आम्ही एच-वन-बीवर आहोत. मुलानं तिथे जेवल्यानं व्हिसाला किंवा ग्रीन कार्डाला अडचण येईल का?

खुल्या केंद्रावर नाव-पत्ताही लिहून घेत नाहीत, स्थलांतराचा दर्जा विचारत नाहीत. मोजणारा माणूस कागदावरच्या आकड्यावर रेघ मारतो, बस. तेव्हा डब्याची काळजी करू नका. किराण्यासाठी कार्डावर पैसे देणाऱ्या सरकारी योजनांची गोष्ट वेगळी. त्यातल्या मुख्य ‘स्नॅप’ योजनेसाठी एच-वन-बीवरचे प्रौढ पात्र नसतात, इथे जन्मलेलं मूल नागरिक म्हणून, घरचं उत्पन्न बसत असेल तर, पात्र ठरू शकतं. ग्रीन कार्डाचा अर्ज चालू असताना अशा योजनांत शिरण्याआधी वकिलाला विचारा, मंडळातल्या जाणत्या काकांना नको.

८. आमची मुलं शाकाहारी आहेत. तिथे त्यांना काय मिळणार?

वाटतं तितकं अवघड नाही. दुपारच्या डब्यात पाच गोष्टी लागतात : एक कप दूध, एक वाटा ब्रेड किंवा तत्सम धान्य, दोन वेगळी फळं-भाज्या मिळून पाऊण कप, आणि मांस ‘किंवा त्याऐवजी’ चालणारा पदार्थ. चीज, दही, घेवड्याच्या बिया, शेंगदाण्याचं बटर, टोफू, अंडी हे सगळं त्या ‘ऐवजी’त बसतं. पण रोज शाकाहारी डबा ठेवायची सक्ती कुणावर नाही. आठवड्याचा मेनू बहुधा केंद्रावर लावलेला असतो, तो बघून जा. डब्यातलं हॅम सँडविच नको असेल तर न उघडलेले पदार्थ ठेवायला बऱ्याच ठिकाणी एक वाटपाचं टेबल असतं. नको ते तिथे ठेवायचं, दुसऱ्यानं ठेवलेलं सफरचंद उचलायचं. या टेबलावर दुधाचे खोके बर्फात ठेवलेले असतात आणि तिसरीतल्या मुलांची तिथे जी देवघेव चालते ती पाहण्यासारखी असते.

ॲलर्जी किंवा आजारामुळे पदार्थ बदलून हवा असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी न्या. मग सोय करावीच लागते.

९. डबा घरी का नेऊ देत नाहीत? घरी धाकटा भाऊ झोपलेला असेल तर?

आम्हाला सगळ्यात जास्त ऐकून घ्यावं लागतं ते या नियमावरून, आणि ऐकवणाऱ्यांचं चुकतं असं मला वाटत नाही.

मूळ नियम असा की मुलानं तिथेच, देखरेखीखाली जेवायचं. हेतू समजण्यासारखा आहे. सरकारचा पैसा मुलाच्याच पोटात जावा, अन्न उन्हात खराब होऊ नये. थंड डबा ४१ अंश फॅरनहाइटच्या खाली ठेवावा लागतो. आम्ही थर्मामीटर खुपसून वहीत आकडा लिहितो आणि मगच झाकण उघडतो. जुलैत बाकावर तासभर पडलेलं टर्की सँडविच कुणाच्या हाती देऊ नये. पण प्रत्यक्षात काय दिसतं? एक मुलगी सँडविच अर्धं खाते आणि उरलेलं अर्धं रुमालात गुंडाळायला लागते, धाकट्यासाठी. तिला ‘इथेच संपव’ म्हणावं लागतं. ते म्हणणाऱ्याला ती दुपार गोड जात नाही.

२०२० पासून महासाथीच्या काळात हा नियम तात्पुरता सैल केला होता आणि डबे घरपोच, बसथांब्यावर, आठवड्याचे एकदम असे गेले. त्या अनुभवानंतर डिसेंबर २०२२ मध्ये कायदा बदलला. २०२३ च्या उन्हाळ्यापासून ग्रामीण भागात, जिथे असं बसून जेवायचं केंद्र नाही तिथे, डबे घरी नेता येतात. पालक मुलांशिवाय येऊनही घेऊ शकतात आणि एका वेळी जास्तीत जास्त दहा दिवसांचं अन्न देता येतं. राज्य ही मर्यादा कमी करू शकतं. शहरात मात्र जुनाच नियम. शहरातल्या धोकादायक वस्तीत चार गल्ल्या ओलांडणं हे खेड्यातल्या दहा मैलांइतकंच अवघड असू शकतं, हे कायद्याला अजून उमगलेलं नाही.

दोन पळवाटा नियमातच आहेत. फळ, भाजी किंवा धान्याचा एक पदार्थ, जसं सफरचंद किंवा बिस्किटांचं पाकीट, पुष्कळ केंद्रांवर बरोबर नेता येतो. आणि उघड्यावरच्या केंद्रांना उष्णतेच्या लाटेत राज्याच्या परवानगीनं डबे घरी देता येतात. घरातल्या धाकट्यासाठी मात्र फिरती पॅन्ट्री आणि ‘सन बक्स’ हे उन्हाळी किराण्याचे पैसे हेच खरे उपाय (प्रश्न ४ आणि ११). मूल पाच वर्षांच्या आतलं असेल तर ‘विक’ ही लहान मुलांच्या पोषणाची सरकारी योजनाही.

१०. नातवाला आजी घेऊन जाते. तिनं त्याच्या ताटातलं दोन घास खाल्ले तर?

नियमानं नाही. डब्याचे पैसे मुलासाठी मिळतात. आजीनं जवळ बसावं, भरवावं, गप्पा माराव्यात. काही फूड बँका देणगीच्या पैशातून मोठ्यांसाठी वेगळे डबे ठेवतात. विचारायला लाजू नका. आजीही उपाशी असू शकते.

११. हे ‘सन बक्स’ काय प्रकरण आहे?

उन्हाळ्यात किराण्यासाठी मुलामागे मिळणारे पैसे. २०११ पासून काही ठिकाणी प्रयोग चालला, २०२४ पासून योजना कायमची झाली. महिन्याला ४० डॉलर, तीन महिन्यांचे मिळून मुलामागे १२० डॉलर कार्डावर जमा होतात. त्यातून किराणा घेता येतो. गरम तयार जेवण, साबण, डायपर नाही.

घर स्नॅपवर असेल किंवा शाळेत सवलतीच्या जेवणाचा अर्ज मंजूर झालेला असेल तर बहुधा आपोआप येतात. गोंधळ होतो तो ‘सगळ्यांना फुकट जेवण’ देणाऱ्या शाळांत. तिथे कुणी अर्जच भरलेला नसतो, त्यामुळे मूल पात्र असूनही यादीत येत नाही. अशा पालकांना वेगळा अर्ज करावा लागतो, आणि हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. आमच्या मदतीच्या टेबलावर उन्हाळाभर मुख्यतः हेच काम.

आणखी दोन गोष्टी. पैसे जमा झाल्यापासून १२२ दिवसांत वापरले नाहीत तर परत जातात, कारण विचारत नाहीत. कार्ड जुन्या पत्त्यावर गेलं असेल तर लगेच फोन करा. आणि योजना प्रत्येक राज्यात नाही. चालवण्याचा निम्मा खर्च राज्यानं करायचा असतो. पहिल्याच उन्हाळ्यात, २०२४ मध्ये, टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जियासारखी मोठी राज्यं बाहेर राहिली. तुमच्या राज्याचं यंदा काय, हे दर वर्षी नव्यानं तपासा.

१२. सन बक्स मिळत असतील तर केंद्रावर जाता येतं का?

येतं. एकामुळे दुसरं बंद होत नाही. स्नॅपही कमी होत नाही.

१३. मदत करायची आहे. पैसे द्यावेत की धान्य?

पैसे, शक्यतो जूनमध्ये. फूड बँक ट्रकच्या हिशेबानं घाऊक भावात घेते. तुम्ही दुकानातून किरकोळीत घेतलेल्या डब्याच्या किमतीत तिला कितीतरी जास्त मिळतं. शिवाय दूध दानात क्वचितच येतं, ते विकतच घ्यावं लागतं. देणग्यांचा पूर येतो तो थँक्सगिव्हिंग ते नाताळ. उन्हाळ्यात लोक सुट्टीवर, शाळांमधल्या डबे गोळा करायच्या मोहिमा बंद, आणि मागणी वर. मंडळानं दिवाळीची देणगी अर्धी करून अर्धी जूनमध्ये दिली तर गोदामातल्या लोकांना फरक जाणवेल.

१४. मंडळाच्या पिकनिकला भरपूर पुलाव उरला. नेऊन दिला तर?

घरी शिजवलेलं अन्न फूड बँक घेत नाही, कितीही चांगलं असलं तरी. कुठल्या स्वयंपाकघरात, केव्हा, कसं शिजलं याची नोंद नसते. परवानाधारक केटररकडून आलेलं, नीट थंड ठेवलेलं, वाढायला न काढलेलं अन्न काही ठिकाणी घेतात, पण ते आधी ठरवून. डाळ-तांदूळ द्यायचे तर कंपनीच्या बंद पाकिटात. मोठ्या पोत्यातून पिशव्यांत भरलेले, लेबल नसलेले परत पाठवावे लागतात. कायद्याची भीती मात्र नको. १९९६ च्या बिल एमर्सन कायद्यानं प्रामाणिकपणे दान करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे.

१५. मुलाला सेवेचे तास हवे आहेत. चौदा वर्षांचा आहे.

वयाची अट प्रत्येक फूड बँकेची वेगळी. पिशव्या भरायला बहुधा लहान मुलंही मोठ्यांबरोबर चालतात, फोर्कलिफ्टच्या बाजूला नाही. एक विनंती : नाव नोंदवून ऐन वेळी गायब होऊ नका. सोमवारी-मंगळवारी सकाळी माणसं कमी पडतात, शनिवारी जागा नसते.

१६. केंद्र ऑगस्टच्या मध्यावर बंद झालं, आमच्याकडे शाळा सप्टेंबरमध्ये उघडते. मधल्या काळात काय?

ईशान्येकडच्या राज्यांत हे दर वर्षी होतं. शिबिरं संपतात, केंद्र चालवणारे कॉलेजचे विद्यार्थी परत जातात, लायब्ररीचा उन्हाळी कार्यक्रम आटोपतो, आणि दोन-तीन आठवडे मोकळे राहतात. नेमकी तेव्हाच वह्या-बुटांची खरेदी असते. केंद्र बंद झालं की लगेच २११ वर विचारा. एखादं शाळेनंच चालवलेलं केंद्र अजून सुरू असू शकतं. नसेल तर पॅन्ट्री. सन बक्सचे पैसे जुलैतच संपवू नका, असंही आम्ही सांगतो, पण जुलैत फ्रिज रिकामा असलेल्याला हा सल्ला देताना जीभ अडखळते.

१७. आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये केंद्र सुरू करता येईल का?

जागा पात्र परिसरात असेल तर येईल (प्रश्न ५). मंडळानं स्वतः ‘प्रायोजक’ व्हायच्या भानगडीत पहिल्या वर्षी पडू नये. त्यात राज्याशी करार, जेवणागणिक हिशेब, तपासण्या, लेखापरीक्षण येतं. त्याऐवजी फूड बँकेचं किंवा शाळेचं एक केंद्र व्हा. डबे ते आणतील, कागदपत्रं ते सांभाळतील. तुम्ही जागा, फ्रिज, स्वच्छतागृह, सावली आणि रोज हजर राहणारी प्रशिक्षित दोन-तीन माणसं द्यायची. यातली शेवटची अटच जड जाते, कारण केंद्र सोमवार ते शुक्रवार भर दुपारी चालतं आणि त्या वेळी आपली मंडळी ऑफिसात असतात. निवृत्त लोक आणि कॉलेजातली मुलं गाठीशी असतील तरच हो म्हणा.

डब्यांबरोबर तासभराचा कार्यक्रमही ठेवा : बुद्धिबळ, चित्रं, फुटबॉल, काहीही. नुसत्या डब्यासाठी मुलं दोन दिवस येतात, खेळासाठी रोज येतात. बोलणी जानेवारी-फेब्रुवारीतच सुरू करा. मे महिन्यात फोन केलात तर पुढच्या वर्षीच्या यादीत नाव लागेल.